सरपंच ताई-दादांनो, हिरव्या कार्डात नायट्रेट दिसत नाही (खुलं पत्र)

विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशातल्या सगळ्या सरपंचांना, ग्रामसेवकांना आणि गावच्या पाणी समितीच्या मेंबरांना,

नमस्कार. जिथे सरपंच ताई आहेत तिथे हे पत्र आधी त्यांच्या मिस्टरांच्या मोबाईलवर पोचणार हे मला माहितीये, तर भाऊ, तुमचं वाचून झालं की ताईंना द्या, कारण यातलं निम्मं काम बाळंतिणीच्या घरी जाऊन बोलायचं आहे आणि ते तुमच्याच्याने व्हायचं नाही.

मी एका खाजगी लॅबमध्ये पाण्याचे सॅम्पल तपासायचं काम करते. शिक्षण केमिस्ट्रीचं, घरी शेती कोरडवाहू, कापूस आणि तूर. हे आधीच सांगते कारण खाली युरियाबद्दल लिहिलंय आणि त्यावर "ही शहरातली बाई आम्हाला शिकवते" असं कोणीतरी म्हणणारच. आमच्या घरी पण युरिया हातानेच फेकतात आणि आभाळ भरून आलं की घाईघाईने फेकतात.

विषय पिण्याच्या पाण्यातल्या नायट्रेटचा. केंद्रीय भूजल मंडळाचा २०२४ चा वार्षिक गुणवत्ता अहवाल आला तेव्हा पेपरात एक दिवस बातमी होती, मग संपलं. त्यात देशभरातल्या सॅम्पलपैकी १९.८ टक्क्यांत नायट्रेट मर्यादेच्या वर निघालं, महाराष्ट्रात तेच ३५.७४ टक्के. म्हणजे आपल्या राज्यात तपासलेल्या तीन पाण्यांतलं एक फेल. देशातल्या ४४० जिल्ह्यांत कुठे ना कुठे मर्यादा ओलांडलेली आहे, २०१७ मध्ये असे जिल्हे ३५९ होते. आणि सगळ्यात वाईट अवस्थेतले म्हणून जे १५ जिल्हे त्यांनी वेगळे काढले त्यातले ७ महाराष्ट्रातले आहेत : वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव, यवतमाळ. पंधरातले सात! क्रिकेटमध्ये असा नंबर आला असता तर चौकात बॅनर लागले असते.

यावर गावोगावी काय चर्चा झाली? मी विचारून बघितलं. बहुतेक ठिकाणी एकच उत्तर, "आमच्या गावाला हिरवं कार्ड आहे." काही जण तर म्हणाले आम्हाला चंदेरी कार्ड मिळालंय. खरंय, मिळालं असेल, अभिनंदन. पण ते कार्ड कशाचं असतं ते एकदा शांतपणे बघा ना. वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, स्वच्छता सर्वेक्षण होतं, त्यात विहिरीला कठडा आहे का, शेजारून गटार जातंय का, व्हॉल्व्ह गळतोय का, टीसीएल पावडरचा (पाण्यात टाकायच्या ब्लिचिंग पावडरचा) साठा आहे का, ती रोज टाकतात का, मागच्या वर्षात गावात साथ आली होती का, हे बघतात आणि त्यावर लाल, पिवळं, हिरवं ठरतं. हे सगळं गॅस्ट्रो, कावीळ, कॉलरा याच्यासाठी आहे आणि त्यासाठी ते चांगलंच आहे, मी त्याला नावं ठेवत नाही, या कार्डांमुळे निदान टीसीएल तरी वेळेवर येतं. पण नायट्रेट हा जंतू नाहीये, तो पाण्यात विरघळलेला क्षार आहे. टीसीएल कितीही टाका, क्लोरीन बघायच्या ओटी टेस्टला छान पिवळा रंग येईल आणि नायट्रेट जिथल्या तिथे राहील. तुरटी फिरवा, तरी राहील. कपड्यातून गाळा, कँडल फिल्टर लावा, युव्हीवाला फिल्टर घ्या, काही फरक नाही. रंग नाही, वास नाही, चव नाही. म्हणून ज्या विहिरीचं पाणी "अमृतासारखं गोड" म्हणून सगळा गाव नेतो तिचा नायट्रेटचा आकडा आमच्याकडे ८० नाहीतर १०० (मर्यादा ४५) येतो आणि शेजारच्या खारट बोअरचा १५ येतो, आणि हे सांगितलं की लोक माझ्याकडेच संशयाने बघतात.

मर्यादा किती ते लिहून ठेवा. भारतीय मानक आयएस १०५००, २०१२ चं, नायट्रेट ४५ मिलिग्रॅम प्रति लिटर. टीडीएसला (विरघळलेल्या एकूण क्षारांना), कठीणपणाला, फ्लोराईडला त्या मानकात दोन आकडे आहेत, एक चांगला आणि दुसरा "पर्यायच नसेल तर इथपर्यंत चालेल" असा. नायट्रेटला दुसरा आकडा नाही, सवलत नाही असं स्पष्ट लिहिलंय. १९९१ च्या जुन्या मानकात १०० पर्यंतची ढील होती आणि ती अजून खूप जणांच्या डोक्यातून गेलेली नाहीये, "अहो शंभरपर्यंत चालतं" हे मी नोकरीत मुरलेल्या माणसांच्या तोंडून ऐकलंय. नाही चालत.

अजून एक गोम आहे जिच्यात शिकलेले लोक पण फसतात. काही लॅब नायट्रेट "नायट्रोजन म्हणून" लिहितात, तेव्हा मर्यादा ४५ ची नसते, साधारण १० ची असते, कारण १ मिलिग्रॅम नायट्रोजन म्हणजे ४.४३ मिलिग्रॅम नायट्रेट. रिपोर्टवर १८ दिसलं आणि खाली बारीक अक्षरात "एन म्हणून" असेल तर ते १८ नाही, ते जवळपास ८० आहे. रिपोर्ट हातात आला की आधी हे बघायचं, मग आनंद मानायचा.

पण रिपोर्ट हातात येतो कुठे हा खरा प्रश्न आहे. नियमाने वर्षातून एकदा रासायनिक तपासणी आणि दोनदा जैविक, असं असतं. जैविकचं लोकांना माहिती असतं कारण ते दिसतं, बाटली काळी पडली की पाणी खराब. रासायनिकचा मात्र कागद येतो, त्यावर बारा-पंधरा ओळी, पीएच, गढूळपणा, क्लोराईड, सल्फेट, आणि मध्येच कुठेतरी नायट्रेट, आणि शेवटी शेरा. तो शेरा "पिण्यास अयोग्य" असेल तर ग्रामपंचायतीत तो कागद फाईलला लागतो आणि फाईल कपाटात जाते. मी एका गावात (नाव सांगत नाही, गाव आपलंच आहे) विचारलं की रिपोर्ट दाखवा तर तीन वर्षांचे रिपोर्ट एकदम निघाले, टाचणी पण न काढलेली. आणि तिन्हीत नायट्रेट मर्यादेच्या वर. कोणी लपवलं नव्हतं हो, कोणी वाचलंच नव्हतं. ज्याने सॅम्पल नेलं तो जलसुरक्षक म्हणाला माझं काम बाटली पोचवायचं. ग्रामसेवकाकडे चार गावं. सरपंचाला वाटलं काही असतं तर वरून फोन आला असता. वरच्यांना वाटत असणार की रिपोर्ट पाठवलाय म्हणजे कळवलंय. असा तो आकडा सगळ्यांच्या हातातून गेला आणि कोणाच्याच डोक्यात शिरला नाही, आणि त्या तीन वर्षांत त्या गावात बाळं जन्माला येतच होती ना.

बाळं का म्हणते ते सांगते, कारण मला कोणाला उगाच घाबरवायचं नाहीये. तुम्ही-आम्ही धडधाकट माणसं ६० मिलिग्रॅमचं पाणी प्यायलो तर उद्या काही होत नाही. खरा धोका सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला असतो. त्याच्या पोटात आम्ल कमी असतं, त्यामुळे तिथे जिवाणू राहतात आणि ते नायट्रेटचं नायट्राइट करतात, नायट्राइट रक्तात गेलं की हिमोग्लोबिनचं मेटहिमोग्लोबिन होतं आणि ते ऑक्सिजन पोचवू शकत नाही. मोठ्यांच्या शरीरात ते परत दुरुस्त करणारं एन्झाइम पुरेसं असतं, तान्ह्या बाळात ते कमी असतं. मग ओठ, नखं, हातपाय निळसर-करडे पडतात, म्हणून याला ब्लू बेबी म्हणतात. पहिल्यांदा हे नीट लिहून ठेवलं ते अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या हंटर कोमली नावाच्या डॉक्टरने, १९४५ मध्ये, आणि ती बाळं कोणाची होती तर शेतावर राहणाऱ्या आणि विहिरीचं पाणी वापरणाऱ्या लोकांची. त्याच आयोवात २०२५ च्या जून महिन्यात नायट्रेट इतकं वाढलं की डे मॉइन शहर आणि आजूबाजूच्या लोकांना लॉनला पाणी द्यायला बंदी घातली, कारण पाणी साफ करायचं मशीन पुरेना. मक्याचा प्रदेश आहे तो, रान भरून खत. त्यांच्याकडे निदान मशीन तरी आहे.

"आमच्याकडे असं निळं बाळ कोणी बघितलं नाही" हे मला हमखास ऐकायला मिळतं. बरोबर आहे, आणि त्याचं एक चांगलं कारण म्हणजे आपल्याकडे आया अंगावर पाजतात, आईच्या दुधात नायट्रेट फारसं उतरत नाही. हे आपलं मोठं संरक्षण आहे. पण आपल्याकडे बाळगुटी पण आहे ना. सहाण, पाणी, उगाळून चमच्याने. उन्हाळ्यात बाळाचा घसा सुकतो म्हणून पाणी पाजणारी आजी आहे. दूध पुरत नाही म्हणून गाईचं नाहीतर पावडरचं वरचं दूध देणारी घरं आहेत, आणि गाईचं दूध जड जातं म्हणून त्यात निम्मं पाणी. डबा-पावडरमध्ये तर जवळजवळ सगळं पाणीच. आणि हे पाणी ती माउली कसं देते? उकळून! कारण आशाताईंनी, डॉक्टरांनी, टीव्हीने, सगळ्यांनी सांगितलंय पाणी उकळून द्या. जंतूंसाठी ते शंभर टक्के बरोबर. पण उकळल्याने पाणी उडतं, नायट्रेट उडत नाही. दहा मिनिटं खळखळ उकळून चौथा हिस्सा आटलं तर ६० चं ८० होतं. म्हणजे जी आई सगळ्यात जास्त काळजी घेते तिच्या बाळाला सगळ्यात जास्त जातं. मला या सगळ्यात सर्वात जास्त छळणारी गोष्ट हीच आहे आणि ती सांगायला एक रुपया खर्च नाही.

दवाखान्याचं म्हणाल तर मेटहिमोग्लोबिन मोजायची सोय आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नसते. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर यात फसवतं, रक्तात मेटहिमोग्लोबिन खूप असेल तर ते ८५ च्या आसपास अडकून बसतं, मग खरी परिस्थिती काहीही असो. निळसर बाळ आलं तर न्युमोनिया किंवा हृदयाचा दोष यांचाच विचार आधी होणार आणि तो व्हायलाच पाहिजे, मी काही डॉक्टर नाही. फक्त ज्या गावात आकडा जास्त आहे तो आकडा तिथल्या डॉक्टरला माहिती असावा एवढंच म्हणते. उपचार आहे, मिथिलीन ब्लू नावाचं औषध आहे, पण आधी सुचायला तर पाहिजे.

मोठ्यांच्या बाबतीत संशोधन चालू आहे. डेन्मार्कमध्ये २७ लाख लोकांचा अभ्यास २०१८ मध्ये छापून आला, त्यात मर्यादेच्या खूप खालच्या नायट्रेटला पण आतड्याच्या कॅन्सरशी संबंध दिसला. संबंध दिसला म्हणजे सिद्ध झालं असं नाही, म्हणून मी त्यावर जास्त लिहीत नाही. आणि कोणीतरी हुशार माणूस म्हणेल की पालकात तर पाण्यापेक्षा कितीतरी पट नायट्रेट असतं. हो असतं. पण भाजीत क जीवनसत्त्व आणि बाकीच्या गोष्टी असतात ज्या पोटात वाईट पदार्थ बनू देत नाहीत, आणि दोन महिन्यांच्या बाळाला आपण पालक खाऊ घालत नाही.

आता येतं कुठून. यावर गावात लगेच दोन पार्ट्या पडतात, शेतकरी म्हणतात संडासाच्या खड्ड्यांमुळे आणि गावठाणातले म्हणतात युरियामुळे. दोघंही बरोबर आहेत.

युरियाचा हिशोब मी एकदा बसून केला तो देते. ४५ किलोच्या बॅगेत ४६ टक्के नायट्रोजन, म्हणजे २०.७ किलो. तो सगळाच्या सगळा नायट्रेट झाला तर साधारण ९२ किलो नायट्रेट. ४५ मिलिग्रॅमच्या हिशोबाने ९२ किलो नायट्रेट किती पाण्याला मर्यादेपर्यंत नेईल? २० लाख लिटर. वीस फूट रुंदीच्या विहिरीत वीस फूट पाणी उभं असेल तर ते पावणेदोन लाख लिटरच्या आसपास भरतं, म्हणजे अकरा-बारा अशा विहिरी. एका बॅगेत! अर्थात सगळा नायट्रोजन पाण्यात जात नाही, काही पीक घेतं, काही हवेत उडतो, पण समजा तिसरा हिस्सा जरी खाली झिरपला तरी चार विहिरी झाल्या. आणि आपल्या गावात एका हंगामात किती बॅगा उतरतात ते कृषी केंद्रवाल्याला विचारा.

याचं कारण जमिनीत आहे. युरिया मातीत गेला की त्याचं अमोनियम होतं, ते काळ्या मातीच्या कणांना धरून बसतं. मग जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, आणि नायट्रेटवर ऋण भार, मातीच्या कणांवर पण ऋण भार, त्यामुळे माती त्याला धरत नाही, पाणी जिकडे जाईल तिकडे ते जातं. वरून आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, हात जाईल एवढ्या भेगा, पहिला मोठा पाऊस त्या भेगांतून सरळ खाली. खाली मुरूम, त्याच्या खाली काळा दगड, म्हणजे पाणी सगळं वरच्या तीस-चाळीस फुटातच साठतं आणि आपली विहीर नेमकी तेवढीच खोल. पाऊस येणार म्हणून फेकलेला युरिया पिकाच्या मुळाला भेटायच्या आधीच मुळाच्या खाली जातो. आणि बॅग २६६ रुपये ५० पैशांना मिळते, डीएपी १३५० ला, मग शेतकरी काय टाकणार? यात शेतकऱ्याची चूक काढायला मी बसलेली नाही. २०१० मध्ये बाकी खतांची सबसिडी बदलली तेव्हा युरिया त्यातून वगळला, तेव्हापासून हे असंच आहे, हे आपल्या ग्रामसभेत सुटणारं नाही.

गावठाणाचं मात्र तुमच्या हातात आहे. सार्वजनिक विहिरीच्या पाचशे मीटरच्या आत दुसरी विहीर नको हा १९९३ च्या कायद्यापासूनचा नियम सगळ्या सरपंचांना पाठ असतो, कारण त्यावरून भांडणं होतात. पण त्याच विहिरीपासून ढांगेवर उकिरडा असतो त्यावर कोणी भांडत नाही. शेण, मूत, सगळं उघड्यावर, पावसात धुपून खाली. गोठ्याची जागा तर पिढ्यानपिढ्या तीच, तिथली माती नायट्रेटने भरलेली. आणि घरोघरी संडास झाले, फार चांगलं झालं, बायकांचं जिणं सुधारलं, त्यावर एक शब्द वाकडा बोलणार नाही, पण त्यातले बरेच खड्डे तळाला उघडे आहेत आणि मुरुमात आहेत आणि कुठे कुठे ते जुन्या आडाच्या शेजारीच घेतलेत कारण जागाच तेवढी होती. खड्ड्यातले जंतू मातीत गाळले जातात, नायट्रेट गाळलं जात नाही.

नळ आले म्हणून प्रश्न मिटला असंही समजू नका. जल जीवन मिशनमध्ये २०१९ पासून माणशी ५५ लिटरच्या हिशोबाने घरोघरी नळ दिले, पण बऱ्याच गावात त्या नळाच्या दुसऱ्या टोकाला तीच विहीर आहे. आधी दोघी-चौघींच्या हंड्यात जाणारं पाणी आता टाकीवर चढून सगळ्या गावाच्या घरात जातं. त्या योजनेत पाणी खराब असलेल्या वस्त्यांना प्राधान्य द्यायचं ठरलं तेव्हा जोर आर्सेनिक आणि फ्लोराईडवर होता. तेही योग्यच, पण नायट्रेट मागे राहिलं.

यावर सगळ्यांना एकच उपाय सुचतो, आरओ प्लँट. आमदार निधीतून, फीत कापून, पाच रुपयाचा कॉइन टाका आणि वीस लिटरचा कॅन भरा. आरओ नायट्रेट काढतं, मान्य, पण बाकीच्या क्षारांपेक्षा नायट्रेट त्या पडद्यातून जास्त निसटतं, आणि पडदा जुना झाला की अजून. प्लँटवाला मीटर लावून दाखवतो, "बघा टीडीएस १२०". त्या १२० मध्ये नायट्रेट ५ आहे की ५० हे तो मीटर सांगूच शकत नाही. म्हणून प्लँट असेल तर कॅनमधल्या पाण्याचं पण नायट्रेट तपासायचं, कच्च्या पाण्याचं तपासून सोडून द्यायचं नाही. दुसरं, जे वाया जाणारं खारं पाणी असतं त्यात सगळं नायट्रेट गोळा झालेलं असतं, ते कुठे सोडलंय? मी बघितलेल्या एका प्लँटचा पाईप मागच्या नालीत होता आणि नाली विहिरीच्या अंगाने. म्हणजे विहिरीतून काढायचं, पैसे देऊन गाळायचं आणि परत विहिरीतच. तिसरं, वीज बिल कोण भरणार आणि पडदा कोण बदलणार हे फीत कापायच्या दिवशी कोणी विचारत नाही आणि दोन वर्षांनी त्या खोलीत सिमेंटच्या गोण्या असतात.

दुसरा उपाय खोल बोअर. खाली नायट्रेट बहुतेक वेळा कमी मिळतं, पण यवतमाळ, नांदेड, चंद्रपूर अशा भागांत खोल गेलं की फ्लोराईड बसलेलं असतं, मग दातावर डाग आणि हाडं वाकडी. बोअर मारायला ना नाही पण तपासल्याशिवाय टाकीला जोडू नका. धरणावरची प्रादेशिक योजना गावातून जात असेल तर ते पाणी आणि विहिरीचं पाणी टाकीत मिसळणं हा साधा मार्ग आहे, ८० चं एक भाग आणि १० चे दोन भाग मिसळले तर ३३ येतं, शाळेतलं गणित आहे.

पण मला विचाराल तर हे सगळं नंतरचं आहे. प्लँट, बोअर, योजना, प्रस्ताव, मंजुरी, यात दोन-तीन वर्षं जातात. त्याच्या आधी, या महिन्यात, करता येईल असं एक काम आहे आणि त्यासाठीच हे एवढं लांबलचक लिहिलं. गावातले सगळे उद्भव तपासा, नुसती सार्वजनिक विहीर नाही, हापशा, शाळेचा बोअर, लोक पाणी नेतात त्या शेतातल्या विहिरी, सगळे. नायट्रेट एका विहिरीत ९० आणि दोन शेतं सोडून दुसरीत २० असं सर्रास असतं, मी रोज बघते. म्हणजे बहुतेक गावात बाळापुरतं आणि गरोदर बायांपुरतं चांगलं पाणी गावातच कुठेतरी आहे, फक्त कोणतं ते माहिती नाहीये. घरात एका तान्ह्या बाळाला लागतं किती, दिवसाला एक-दोन लिटर, तेवढी कळशी कोणीही शेजाऱ्याच्या विहिरीवरून आणून देईल.

तपासायला किट तुमच्याकडे आहे. जल जीवन मिशनमध्ये गावातल्या पाच बायांना ट्रेनिंग देऊन फिल्ड टेस्ट किट दिलं होतं, आठवतंय? त्यात नायट्रेटची बाटली आहे, रंग जुळवून आकडा कळतो. फोटो काढून झाल्यावर ते किट कुठे ठेवलं ते शोधा, बाटल्यांवरची एक्सपायरी बघा, संपली असेल तर नवीन मागवा. किटवर ढोबळ आकडा येतो पण २० आणि ९० मधला फरक त्यात व्यवस्थित दिसतो. मर्यादेच्या आसपास आला की मग लॅबला पाठवा, आणि सांगताना फक्त नायट्रेट सांगा, सगळा संच करायला लावू नका, पैसे वाचतील. वित्त आयोगाच्या पैशातला पाण्यासाठी बांधलेला हिस्सा असतोच, दरवेळी त्यातून पाइपच घेतले पाहिजेत असं कुठे लिहिलंय?

मग तो आकडा फलकावर लिहा. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर जमाखर्च लिहिता ना, तिथेच. उद्भवाचं नाव, तारीख, नायट्रेट इतकं, मर्यादा ४५. "योग्य-अयोग्य" असा शेरा नको, आकडा लिहा, लोकांना आकडा कळतो, दुधाचं फॅट कळतं तर हे का नाही कळणार. काही जणांना भीती वाटते की असं लिहिलं तर गावाची बदनामी होईल, पोरांची लग्नं जमणार नाहीत (हे मला खरंच एका उपसरपंचांनी ऐकवलंय). अहो सातच्या सात जिल्ह्यांची नावं देशभर छापून आलीत, आता कसली बदनामी. आणि आकडा माहिती असलेल्या गावात सोयरीक करणं जास्त शहाणपणाचं नाही का.

आशाताई आणि अंगणवाडी ताई, तुम्ही सरपंच नसलात तरी हे तुम्हालाच जास्त उद्देशून आहे. ज्या घरी सहा महिन्यांच्या आतलं बाळ आहे आणि वरचं दूध चालू आहे ती घरं तुम्हाला तोंडपाठ असतात. तिथे इतकंच सांगायचं : सहा महिने अंगावरचंच पाजा, पाणीसुद्धा नको, गुटी तर नकोच, आणि वरचं द्यावंच लागत असेल तर फलकावर ज्या विहिरीचा आकडा कमी आहे तिथलं पाणी आणा आणि एक उकळी आली की बंद करा, आटवू नका. आजीबाईंशी भांडण होईल. होऊ द्या.

शेताचं मी फक्त एक मागते, जास्त नाही. सार्वजनिक विहिरीच्या आजूबाजूची जी दोन-चार शेतं आहेत त्यांच्या मालकांना बसवून बोला, युरिया एकदम न टाकता तीन हप्त्यांत टाका, वर न फेकता मातीत गाडून टाका, मोठ्या पावसाच्या तोंडावर टाकू नका. त्यांचाही फायदाच आहे कारण वाहून गेलेला युरिया त्यांच्याच पैशाचा होता. आणि त्या विहिरीजवळचे उकिरडे हलवा, खाली फरशी किंवा जाड ताडपत्री आणि वर झाकण. फरक लगेच दिसणार नाही, जमिनीत मुरलेलं उतरायला काही वर्षं लागतात, म्हणून पुढच्या सरपंचाला श्रेय मिळेल याची तयारी ठेवा.

येत्या ग्रामसभेत, १५ ऑगस्ट असो नाहीतर २ ऑक्टोबर, विषयपत्रिकेवर "नायट्रेटचा आकडा वाचून दाखवणे" हा विषय घ्या. ऐनवेळच्या विषयात नको, तिथे पोचेपर्यंत अर्धी सभा उठलेली असते.

आणि लॅबला सॅम्पल पाठवणार असाल तर माझ्यावर आणि माझ्यासारख्यांवर उपकार करा, कोल्ड्रिंकच्या चिकट बाटलीत आणू नका. पाण्याची नवीन प्लास्टिक बाटली घ्या, त्याच विहिरीच्या पाण्याने तीनदा विसळा, मोटर पाच मिनिटं चालू ठेवून मग भरा, टीसीएल टाकायच्या आधी, टाकीतून नको तर उद्भवावरून, काठोकाठ भरून झाकण घट्ट लावा, बाहेर गावाचं आणि विहिरीचं नाव लिहा, थर्मासमध्ये नाहीतर आइसबॉक्समध्ये बर्फ घालून त्याच दिवशी पोचवा. पावसाळा संपल्यावर एकदा आणि मे महिन्यात एकदा, कारण दोन्ही वेळचे आकडे वेगळे येतात. सोमवारी आणू नका, सोमवारी आमच्याकडे रांग असते.

आपली,
पाण्याच्या लॅबमधली एक जण